पीजेचा फोटो काढायचा तर भर दुपारी

पुण्या-मुंबईकडचे फोटोवाले मित्र सारखं एकच सांगायचे, सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर, मधल्या उन्हात कॅमेरा बॅगेतून काढूच नको. आता खान्देशातल्या मे महिन्यात सकाळी आठलाच आभाळ पांढरंफटक पडतं आणि आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, म्हणजे पीजे, काय त्यांच्या लाइटसाठी वेळापत्रक बदलणार होती का? आणि खरं सांगू, सोनेरी उजेडातले पीजेचे फोटो मला खोटेच वाटतात, कुठल्यातरी हिल स्टेशनची गाडी असल्यासारखे.

दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर (नॅरोगेज), ५६ किलोमीटर, मध्ये वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं. पहूर म्हणजे अजिंठ्याच्या रस्त्यावरचं, पण लेणी बघायला आलेले पर्यटक या गाडीत काय बसायचे नाहीत. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, माथेरानच्या गाडीला पोरंटोरं घेऊन फिरायला येणारे लोक आहेत, पीजेला होते ते बाजाराला निघालेले, कोर्टाच्या तारखेला निघालेले आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या लेकी.

आखाजीच्या आधीची गर्दी म्हणजे तर विचारूच नका. डब्यात पाय ठेवायला जागा नाही, एकीच्या मांडीवर पोर, पायाशी टरबूज, आणि जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) बांधलेल्या, त्या मोडू नयेत म्हणून सगळा प्रवासभर ती बाई एक हात गाठोड्याभोवती धरून बसलेली. खिडकीचे गज इतके तापलेले की पोरानं हात लावला आणि लगेच मागे घेतला. तो फोटो माझ्याकडे आहे, हात अर्धा हललेला आहे, तरी मला तोच आवडतो.

टेक्निकलच बोलायचं तर लांब लेन्स उन्हाळ्यात काही कामाची नाही. दोन-तीनशे मीटरवरून इंजिन घ्यायला गेलं की तापलेल्या रुळांवरची हवा अशी थरथरते की सगळं पाण्यातून काढल्यासारखं येतं, फोकस कितीही मारा. त्यापेक्षा ३५ मिलिमीटरची, जवळून जास्त भाग टिपणारी लेन्स लावायची आणि सरळ माणसांत घुसायचं. पांढऱ्या आभाळापुढे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि गाडी काळी ठिक्कर पडते म्हणून एक स्टॉप ओव्हर, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड, ठेवायचा, आभाळ गेलं तर जाऊ द्यायचं, त्यात तसंही काही नसतं. डोक्याला रुमाल, खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही पण आईचा आहे, त्यामुळे कांदा असायचाच.

आणि सावली! २४-२५ मेच्या सुमारास आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत गाडी स्टेशनात उभी असली की डब्याच्या कडेला वीतभर सावलीची पट्टी उरते आणि सगळं स्टेशन त्या पट्टीत पाठ टेकून एका ओळीत उभं, म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळे. असला फोटो संध्याकाळी कुठून मिळणार?

एकदा मी इंजिनापुढे बसून अँगल शोधत होतो तर मागून एक आजी म्हणे, "इंजिनाचा काय काढू राहिला रे भाऊ, ते काय पळून जाऊ राहिलं का? आमचा काढ ना."

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाडी थांबली, ती परत सुरू झालीच नाही. आता ब्रॉडगेज करून लाइन बोदवडपर्यंत न्यायची ठरलीय. बाहेरचे लोक हळहळतात, छोटी गाडी वाचवायला पाहिजे होती वगैरे. मलाही वाईट वाटतं, पण ५६ किलोमीटरला दोन तासांच्या वर घालवणाऱ्या माणसाला ब्रॉडगेज नको म्हणायला मी कोण? पाहिजेच ब्रॉडगेज.

फक्त एक काम करा. इंजिनाचे फोटो ढिगानं निघालेत, नेटवर सापडतात. डब्याच्या आतले फारच कमी आहेत. पाचोरा, शेंदुर्णी, जामनेरकडे मामाचं गाव असेल तर तिथले जुने अल्बम काढा, लग्नाच्या वऱ्हाडाचे, सुट्टीत आलेल्या भाच्यांचे. त्यात कुठे मागे पीजेचा डबा दिसला तर मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, नीट ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही स्कॅन करा.