गाडीसाठी ऑइल फिल्टर निवडताना काय काय बघितलं – माझा अनुभव

गाडीची वॉरंटी संपली तेव्हा ठरवलं की आता सर्व्हिस ओळखीच्या गॅरेजमध्ये करायची आणि ऑइल, फिल्टर स्वतः आणून द्यायचे. गाडी स्विफ्ट, 1.2 पेट्रोल. ऑइलचं सोपं होतं, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलाय तो घ्यायचा, साडेतीन लिटरचा कॅन मिळतो, विषय संपला. फिल्टरचं तसं नाहीये. बाहेरून सगळे सारखेच, रंगवलेला पत्र्याचा डबा आणि तोंडाला रबर रिंग, बाकी सगळा खरा माल आत, आणि तो दुकानात दिसत नाही.

पुण्यात गाडीचे पार्ट म्हटलं की नाना पेठ, तर तिकडेच गेलो. दुकानातल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनीचा देऊ का लोकल?" मी म्हटलं काका सगळेच दाखवा ना, बघून घेतो. त्यांनी काउंटरवर ओळीने मांडले, मारुतीचा स्वतःचा, बॉश, प्युरोलेटर आणि एक साध्या पांढऱ्या खोक्यातला ज्यावर दहा गाड्यांची नावं छापलेली पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हा चौथा मी तिथेच बाजूला ठेवला. पाकीटबंद मालावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि जो स्वतःचं नाव टाकत नाही त्याच्या भरवशावर मी इंजिन सोडणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

मग पार्ट नंबर. "स्विफ्टचा द्या" एवढं सांगून भागत नाही, कारण स्विफ्ट पेट्रोल वेगळी, डिझेल वेगळी आणि मधल्या वर्षांत इंजिनं पण बदलली, त्यामुळे मी आरसीवरचा चासिस नंबर दिला आणि काकांनी त्यावरून नंबर काढला. हे का एवढं महत्त्वाचं, तर आटे जुळले म्हणजे फिल्टर बरोबर असं अजिबात नसतं. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो, ऑइल गाळणारा आतला कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता का होईना पण इंजिनला मिळत राहतं, कारण घाण ऑइलपेक्षा ऑइलच न मिळणं जास्त वाईट. हा किती प्रेशरला उघडायचा ते इंजिनप्रमाणे ठरतं, काही इंजिनांत तर तो फिल्टरमध्ये नसतोच, इंजिनच्या ब्लॉकमध्ये असतो. म्हणजे आटे सेम, रिंग सेम, बसतोय पण मस्त, आणि तरी चुकीचा असू शकतो.

किती बारीक कण अडवतो ते खोक्यावर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, आणि फिल्टरवर 20 मायक्रॉन लिहिलं की आपल्याला भारी वाटतं, पण त्या आकाराचे किती टक्के कण अडवतो हे सोबत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. चांगले मेकर हे आयएसओ 4548-12 या ऑइल फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय टेस्टप्रमाणे टक्क्यात देतात. ते मिळालं तर बघायचं, नाही मिळालं तर मायक्रॉनकडे दुर्लक्ष करायचं.

दुकानात हातात घेऊन बघण्यासारखं मात्र एक आहे. फिल्टरच्या तोंडाला मधल्या आट्यांभोवती गोल छिद्रं असतात, त्यातून आत रबराचा पडदा दिसतो, तो अँटी ड्रेन बॅक व्हॉल्व्ह. गाडी बंद केली की फिल्टरमधलं ऑइल खाली निथळून जाऊ नये म्हणून तो असतो, फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर फारच गरजेचा. तो नीट काम करत नसेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल वर पोचेपर्यंत इंजिन खडखडतं. पेनाच्या रिफिलच्या मागच्या टोकाने मी हलकेच दाबून बघितलं, दाबलं की आत जातो आणि सोडलं की लगेच जागेवर. पांढऱ्या खोक्यातला दाबला तर एका बाजूला फट तशीच.

पण माझं खरं समाधान झालं ते गॅरेजमध्ये. मेकॅनिक दादांकडे माझ्याच मॉडेलच्या एका गाडीतून काढलेला लोकल फिल्टर पडला होता, आणि माझा जुना कंपनीचा होताच, म्हटलं दोन्ही उघडून बघू. दादांनी सांगितलं आधी रात्रभर उलटे ठेवून ऑइल निथळू दे, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर कड घासून झाकणं सोडवली. हॅकसॉ लावायचा नाही कारण लोखंडाचा भुसा कागदात जातो आणि मग तो इंजिनातला की करवतीचा हे कळत नाही. कंपनीच्या फिल्टरमधल्या कागदाच्या घड्या एकसारख्या आणि दाट, 10,000 किलोमीटर चालूनही पडद्याचं रबर मऊ. लोकलमध्ये घड्या विरळ, एका ठिकाणी तीन-चार एकमेकींना चिकटलेल्या, आणि कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तिथला गोंद सुटलेला, माझं नख आरपार गेलं. म्हणजे ऑइल त्या फटीतूनच जाणार, गाळायचा प्रश्नच नाही. रबर तर वाकवलं आणि तडकलं. वाईट वाटलं खरंच, कारण ज्यांची ती गाडी आहे त्यांनी वेळेवर ऑइल बदलून घेतलं होतं, पैसे दिले होते.

मी दुकानातून शेवटी मारुतीचाच घेतला होता, होलोग्राम बघून, पक्क्या बिलावर. बॉश किंवा प्युरोलेटर घेतला असता तरी मला चाललं असतं, चांगल्या नावाचा आणि बरोबर नंबरचा एवढंच हवं. ओरिजिनल आणि लोकलमधला फरक तसाही शंभर रुपयांच्या आतला, आणि सोबतचं ऑइल दीड-दोन हजाराचं, तिथे काय वाचवायचं? काही जण म्हणतात फिल्टर एकाआड एक सर्व्हिसला बदला, मला ते पटत नाही, जुन्या फिल्टरमध्ये कपभर काळं ऑइल राहतं ते नव्यात मिसळतं.

बसवताना जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना हे आधी बघायचं, राहिली तर दोन रिंगा होतात आणि ऑइल गळतं. नवीन रिंगला बोटाने ताजं ऑइल लावायचं, हाताने फिरवत रिंग टेकली की पुढे पाऊण फेरा, पाना मारून आवळायचा नाही. जुनं ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगचा वॉशर पण नवीन. मग इंजिन दोन मिनिटं चालवून खाली वाकून गळती बघायची, बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकने ऑइलची पातळी. मी डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर टाकून ठेवले.

आणि 1.3 डिझेल स्विफ्टवाल्यांचं वेगळं आहे, त्यांना डबा नसतो, नुसता गाळायच्या कागदाचा एलिमेंट इंजिनवरच्या झाकणाच्या हाउसिंगमध्ये बसतो, तेव्हा सोबतची रबरी ओ-रिंग बदलल्याशिवाय झाकण लावू देऊ नका.