मागच्या पानावरचा 8

लेकीच्या गणिताच्या गाईडमध्ये एका उत्तरापुढे 8 छापलंय. त्या आकड्यापायी आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. अजून राग जात नाही.

सातवीचं शाब्दिक उदाहरण. शाळेत 6 तुकड्या, प्रत्येकीत 38 मुलं, दर तुकडीला आठवड्याला 45 तासिका. एक शिक्षक जास्तीत जास्त 32 तासिका घेऊ शकतो, तर कमीत कमी किती शिक्षक हवेत?

उदाहरण इंग्रजीत. आमच्या गोव्यात, डिचोलीला, तिचं चौथीपर्यंत मराठीतून झालं, पाचवीपासून सगळं इंग्रजी. म्हणून आधी मराठीत समजावलं. 6 गुणिले 45 म्हणजे 270, हे तिने चटकन केलं. 32 ने भागल्यावर 8.4375, आणि तिथेच गाडं अडलं.

"आई, पॉइंटनंतर 4 आहे ना, मग 8. मागेपण 8च दिलंय."

मी 9 म्हणत होते, पण छापील उत्तरापुढे माझं ऐकणार कोण? जवळच्या पूर्णांकात लिहायचं हे तिला शाळेतच शिकवलेलं, तेच तिने केलं. रडकुंडीला येऊन वही मिटली. तिचं काय चुकलं होतं?

आता एप्रिलपासूनच वर्ग सुरू होतात, त्यामुळे अभ्यास आणि काजू एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत घातलेल्या बियांतल्या 270 मोजून घेतल्या. एक बी म्हणजे एक तासिका, 32 बियांचा ढीग म्हणजे एक शिक्षक. 8 ढीग झाले, तिच्या ओंजळीत 14 बिया उरल्या.

"या 14 तासिकांना वर्गावर कोण जाणार?"

ती ओंजळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणखी एक टीचर."

त्या 38 मुलांचा इथे काहीच उपयोग नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मीही तिथे घोटाळले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक शिक्षक, हे डोक्यात होतं, म्हणून 228 भागिले 35 करून 7 काढले. पण प्रश्न तासिकांचा आहे. पडताळा सोपा: 8 शिक्षकांच्या 256 तासिका, अपुऱ्या, 9 जणांच्या 288, पुरून उरतात. भागाकारात बाकी उरली की ती बाकी कशाची, हे मुलांना तोंडाने बोलायला लावा.

लेकीने वही वर्गात दाखवली. सरांनी सगळ्यांना गाईड उघडायला लावून तो 8 खोडून घेतला.