गुरुवारचा सामुराई

सामुराई म्हटलं की पहिल्याच भागात निदान दोन-चार तरी आडवे पडावेत, एवढी माफक अपेक्षा असते आपली. ‘सराईया गोयो’ या जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन, मालिकेचा नायक मात्र प्रामुख्याने अवघडतो. अकित्सु मासानोसुके त्याचं नाव. ताडमाड उंची, पण खांदे पडलेले, पाठीला पोक आणि नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. तलवारीवर हात पक्का आहे, पण चार माणसं आपल्याकडे बघताहेत असं वाटलं की गडी गारठतो. असल्याला अंगरक्षक म्हणून कोण ठेवून घेणार? तोकुगावा या सत्ताधारी घराण्याच्या राजवटीत लढाया थांबल्या होत्या, तलवारीला गिऱ्हाईक कमी. धन्याने काढून टाकलेला हा सामुराई एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, पोटाला चिमटा काढून फिरतो.

त्याला याइची भेटतो. हा त्याच्या अगदी उलट. मोकळा, देखणा, हातात लांब नळीची चिलीम. तो काम देतो आणि मग कळतं, की स्वारी श्रीमंतांची माणसं पळवून खंडणी उकळणाऱ्या टोळीचा म्होरक्या आहे. मासानोसुके हादरतो, पण पळून जात नाही. टोळीतल्या उमेच्या गुत्त्यात जाऊन बसत राहतो. कथानक म्हणाल तर एवढंच. पुढे जे घडतं ते बहुतेक चेहऱ्यांवर.

नात्सुमे ओनो यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, तोमोमी मोचिझुकी यांनी ही मालिका केली. १५ एप्रिल ते १ जुलै २०१०, दर गुरुवारी मध्यरात्र उलटल्यावर ती फुजी टीव्हीवर लागायची. बारा भाग. आता बारा भाग म्हणजे एका रविवारचा ऐवज. पण मी आणि माझा भाचा ती गुरुवारीच बघतो, एका वेळी एकच. नियम माझा, कुरकूर त्याची. “मावशी, हा बाबा तलवार काढणार कधी?” हे तो दर आठवड्याला विचारतो.

सलग बघितली तर या मालिकेत झोप येईल, हे मी कबूल करते. रंग विझलेले, माणसं हळू बोलणारी, आणि ओनोबाईंनी काढलेले ते रुंद जिवणीचे, अर्धवट मिटल्या डोळ्यांचे चेहरे. पण मधे आठवडा गेला की गंमत होते. शुक्रवारी काही वाटत नाही. रविवारी मेथी निवडताना एकदम डोक्यात येतं, की याइचीला त्याच्या लहानपणाबद्दल विचारलं तेव्हा त्याने आधी झुरका घेतला आणि मग थट्टेवारी नेलं. म्हणजे काहीतरी आहे. मालिका ते सांगत नाही, आपल्यालाच आठवडाभर लोणच्यासारखं मुरवत ठेवावं लागतं.

टीव्हीवर त्याच रात्रीच्या वेळेच्या पट्ट्यात, त्याच मोसमात ‘द तातामी गॅलक्सी’ ही दुसरी ॲनिमे मालिका लागायची. तिचा नायक श्वास न घेता बोलतो. एकाच रात्री दोन्ही बघणाऱ्या जपानी प्रेक्षकांची मला खरंच कमाल वाटते.

मासानोसुकेचं आजारपण हा मला सगळ्यात आवडलेला तुकडा. त्याला बेरीबेरी होतो. एदोत पॉलिश केलेला पांढरा भात खाणं ही शहरी चैन होती आणि कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जायचं. खेड्यातून आलेली माणसं पायातलं बळ जाऊन पडायची आणि गावी परतली की बरी व्हायची, म्हणून त्या रोगाला लोक एदोचाच रोग म्हणत. हातसडीचा तांदूळ खा म्हणून मागे लागणाऱ्या आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने मला उभी-आडवी घेतली असती. असो. मुद्दा असा, की या मालिकेतला सामुराई तलवारीच्या घावाने नाही, भाताने आडवा होतो. त्याला एका म्हाताऱ्याच्या घरी विश्रांतीला ठेवतात, आणि तिथे पडल्यापडल्या त्याला टोळीतली माणसं उलगडायला लागतात. आपल्यालाही.

भाचा हळूहळू फितूर झालाय. परवा तलवारीचं त्याने विचारलंच नाही. याइची माणूस चांगला की वाईट यावर मात्र वाद घालत बसला. त्याच्या मते याइचीला मासानोसुकेचा हेवा वाटतो. मला ते पटत नाही. ज्याला कुणाचं काही वाटत नाही असं दाखवायचंय, त्याला समोरच्याच्या भाबडेपणाची धास्ती वाटते, हेवा नाही. यावर त्याने “तू फार विचार करतेस” असं म्हणून विषय संपवला, आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच लांबलचक उत्तर पाठवलं.

शेवटचा भाग राहिलाय. या गुरुवारी त्याचा क्लास आहे, म्हणून बुधवारीच बघू म्हणतो. मी साफ नकार दिलाय. त्यानंतर त्याला ‘सामुराई चांपलू’ बघायचीय, ‘सराईया गोयो’ करणाऱ्याच मांगलोब स्टुडिओची २००४ची मालिका, तीत हाणामारी भरपूर आणि वर हिप-हॉप. ती तू तुझ्या घरी एका रात्रीत संपव म्हटलं.