ट्रोपोनिनमधला 'सी'

गेल्या डिसेंबरात एका पहाटे नानांच्या छातीत जडपणा वाटू लागला आणि तो दोन तास उतरेना, म्हणून आम्ही त्यांना गावाहून धुळ्याला नेले. ईसीजीत विशेष काही आढळले नाही. तरीही रक्ताची तपासणी लगेच एकदा आणि तीन तासांनी पुन्हा एकदा करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिला अहवाल हातात पडला तेव्हा नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि 'ट्रोपोनिन आय' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "यामा हाऊ आय काय शे?"

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला यायलाच हवे होते. ट्रोपोनिन हे तीन प्रथिनांचे त्रिकूट आहे. त्यातले 'टी' हे त्रिकुटाला स्नायूच्या तंतूशी बांधून ठेवते, 'आय' आकुंचनाला अडवून धरते आणि 'सी' कॅल्शियम पकडते. सीने कॅल्शियम पकडले की आयची पकड सुटते आणि तंतू एकमेकांवरून सरकू लागतात, म्हणजेच ठोका पडतो. हृदयाच्या पेशी मेल्या की ही प्रथिने रक्तात झिरपतात. आय आणि टी यांची हृदयातली रूपे शरीरातल्या इतर स्नायूंमधल्या रूपांपेक्षा वेगळी असल्यामुळे ती रक्तात सापडली तर इजा हृदयालाच झाली आहे, असे म्हणता येते. सीचे तसे नाही. हृदयात जो ट्रोपोनिन सी असतो तोच, त्याच जनुकातून तयार झालेला, पोटरीच्या संथ स्नायूतही असतो, त्यामुळे तो रक्तात दिसला तरी कोठून आला हे सांगता येणार नाही. कॅल्शियमशी थेट व्यवहार करणारा गडी तो, पण रुग्णालयाच्या कागदावर त्याचे नाव येत नाही. हे सांगून झाल्यावर नानांनी साहजिकच पुढचा प्रश्न केला, "मंग हाऊ सी कोन मोजस?"

शेजारच्या खाटेवरील माणसाला आरएलची बाटली लावलेली होती. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, आणि कॅल्शियम व हृदय यांची गोष्ट या रिंगरपासूनच सुरू होते. सिडनी रिंगर हे लंडनमधले डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून क्षारयुक्त पाण्यात चालू ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय छान चालत होते, पण ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले गेले होते, असे त्यांच्या ध्यानात आले. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून बंद पडले, आणि कॅल्शियम घालताच पुन्हा सुरू झाले. १८८३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. लंडनच्या नळाला कॅल्शियमयुक्त कठीण पाणी येत नसते तर हा शोध किती लांबला असता कोण जाणे. आमच्या बोअरच्या पाण्यात पाणी तापवायचा रॉड महिन्याभरात पांढऱ्याफटक थराने मढतो आणि आई त्या पाण्याला नावे ठेवत विळ्याच्या मागच्या बाजूने तो थर खरवडते. शास्त्राच्या इतिहासात अशा पाण्याला मानाचे स्थान आहे, हे तिला अजून पटलेले नाही.

त्या पांढऱ्या थरातच पेशीची खरी अडचण दिसते. कॅल्शियम चटकन साका धरतो. पेशीची सारी ऊर्जा फॉस्फेटच्या रूपात फिरत असते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की त्यांचे खडे होतात. हाडांचा कडकपणा त्यातूनच येतो. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. पेशी मात्र आपल्या आतले मोकळे कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवते. ही तफावत टिकवण्यासाठी तिला रात्रंदिवस खर्च करावा लागतो, पण त्या बदल्यात एक मोठी सोय होते: आत इतकी सामसूम असते की थोडेसे कॅल्शियम शिरले तरी तो स्पष्ट निरोप ठरतो. हा निरोप वाचणारी प्रथिने म्हणजेच कॅल्शियम धरणारी प्रथिने. त्यांतले ट्रोपोनिन १९६० च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी शोधले. कॅल्शियमसारखा साधा आयन स्नायूला हुकूम देतो, हे तोवर अनेकांना खरे वाटत नव्हते.

नानांनी उमेदीच्या काळात काही वर्षे पांझरेवरच्या फडात पाटकऱ्याचे काम केले आहे. फड पद्धतीत नदीवर बंधारा असतो, पाटाने पाणी येते आणि कोणत्या फडाला किती वेळ पाणी द्यायचे हे पाटकरी पाहतो. म्हणून मी त्यांना हृदयपेशीही त्याच भाषेत सांगितली. पेशीच्या आत कॅल्शियमचा एक साठा असतो. त्यात कॅल्सिक्वेस्ट्रिन नावाचे प्रथिन बसलेले असते आणि त्याचा एकेक रेणू चाळीस-पन्नास कॅल्शियम आयन सैलसर धरून ठेवतो. विजेची लहर आली की बाहेरून थोडे कॅल्शियम आत येते, त्याच्या धक्क्याने साठ्याची दारे उघडतात आणि ट्रोपोनिन सीपर्यंत पाणी पोचते. हृदयातल्या सीमध्ये कॅल्शियमसाठी चार जागा आहेत. त्यांतली एक निकामी आहे आणि दोन बहुतेक वेळ भरलेल्याच असतात, म्हणजे ठोक्याचा निर्णय उरलेल्या एकाच जागेवर होतो. "आनि पानी बंद कोन करस?" नानांनी विचारले. माझ्या मते सगळ्या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. पाण्यासारखे कॅल्शियम उताराने परत जात नाही. साठ्याच्या भिंतीतला पंप ते चढावर उपसून पुन्हा आत भरतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. हृदयाला सैल पडण्यासाठीही कष्ट पडतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी नवी वाटते. निकामी होत चाललेल्या हृदयात हा पंप अनेकदा मंदावलेला आढळतो, त्यामुळे साठा पुरता भरत नाही आणि पुढचा ठोका दुबळा पडतो. लेव्होसिमेंडान हे औषध वेगळी वाट धरते: ते ट्रोपोनिन सीलाच चिकटून, आहे तेवढ्या कॅल्शियममध्ये त्याचे काम वाढवते.

ट्रोपोनिन सीसारखी प्रथिने ज्या 'हाताने' कॅल्शियम पकडतात तो कसा दिसतो, हे प्रथम एका माशाने दाखवले. कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाची रचना रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी १९७३ मध्ये मांडली. आपल्याकडे बाजारात येणारे रोहू आणि कटला याच कार्प कुळातले. (मासे खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठते, त्यांच्या त्रासामागे बहुतेक वेळा हेच प्रथिन असते.) उजव्या हाताची तर्जनी सरळ ठेवावी, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणावा आणि उरलेली बोटे आत मुडपावीत. तर्जनी म्हणजे 'ई' नावाची सर्पिल कांडी, अंगठा म्हणजे 'एफ' नावाची दुसरी कांडी आणि मुडपलेली बोटे म्हणजे त्यांच्यामधला बारा अमिनो आम्लांचा फास, ज्यात कॅल्शियम बसते. 'ईएफ हात' हे नाव त्यावरूनच रूढ झाले. असे हात बहुधा जोडीने येतात.

कॅल्मोड्युलिनमध्ये अशा दोन जोड्या आहेत. अवघ्या १४८ अमिनो आम्लांचे हे प्रथिन १९७० च्या सुमारास वाय यिऊ च्यूंग आणि शिरो काकिउची यांनी स्वतंत्रपणे शोधले. चार कॅल्शियम आयन धरल्यावर ते उघडते आणि मिळेल त्या योग्य भिडूला मिठी मारते. मेंदूत दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी कॅल्शियम शिरले की कॅल्मोड्युलिन तेथल्या एका एन्झाइमला, ज्याला थोडक्यात 'कॅमकेटू' म्हणतात, जागे करते. मेंदूच्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे १ ते २ टक्के वाटा या एकट्या एन्झाइमचा असतो. बारा घटकांच्या चक्रासारखे असलेले हे एन्झाइम एकदा जागे झाले की आपल्याच घटकांवर फॉस्फेट चढवते आणि कॅल्शियम निघून गेल्यावरही काही काळ जागेच राहते. शिकलेली गोष्ट टिकण्याची सुरुवात या खोडीत आहे. त्याचेच भावंड हृदयात असते, आणि तेथे मात्र ते गरजेपेक्षा जास्त वेळ जागे राहिले तर साठ्याची दारे गळू लागतात व ठोक्यांची लय बिघडते. मेंदूत जो गुण, तो हृदयात दोष. कॅल्शियम तेच आणि कॅल्मोड्युलिनही तेच असल्यामुळे, संशोधकांचा बराचसा वेळ ते किती काळ आणि कोणाच्या हाती राहते हे तपासण्यातच जातो.

माणसात कॅल्मोड्युलिनची तीन वेगवेगळी जनुके, १४, २ आणि १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर, अगदी अक्षरशः एकच प्रथिन बनवतात. इतक्या प्रतींपैकी एखादी बिघडली तर काय मोठेसे, असे कोणालाही वाटेल. परंतु २०१२ मध्ये एका स्वीडिश कुटुंबाच्या अभ्यासातून दिसले की, एकाच प्रतीतल्या एका अमिनो आम्लाच्या बदलाने श्रमाच्या किंवा भावनांच्या भरात हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. कॅल्सिक्वेस्ट्रिनमधल्या दोषानेही तसाच आजार होतो. कॅल्मोड्युलिन मेंदूतही भरपूर असताना फटका प्रथम हृदयाला का बसतो, यावर माझे मत असे की, दिवसातून एक लाख वेळा न चुकता तीच क्रिया करणाऱ्या अवयवात लहानशी चूकही लपत नाही.

मेंदूतली कॅल्शियम धरणारी इतर प्रथिने मी वर्गात घाईने उरकतो. पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या चेतापेशी झपाट्याने ठोके देऊन शेजाऱ्यांना आवरतात. अनुमस्तिष्कातल्या, म्हणजे लहान मेंदूतल्या, पुर्किंजे पेशी कॅल्बिंडिनने भरलेल्या असतात. सिनॅप्टोटॅग्मिन कॅल्शियम येताच रसायनाच्या पिशव्या रित्या करवतो आणि त्याच्या अभ्यासाचा थॉमस स्यूडॉफ यांच्या २०१३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा आहे. थोडा थांबतो तो जीकॅम्पपाशी. कॅल्मोड्युलिनला जेलीफिशच्या हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाशी जोडून २००१ मध्ये जपानी संशोधकांनी ते तयार केले. ते घातलेल्या उंदराच्या मेंदूत जी चेतापेशी काम करते ती त्या क्षणी उजळते. नानांना द्यायचे उत्तर तेथे होते: सी रक्तात मोजत नाहीत, त्याला आणि त्याच्या भाईबंदांना प्रयोगशाळेत काम करताना पाहतात.

आमच्या काकूंना मात्र कॅल्शियमच्या गोळ्यांनी डोके तल्लख होईल का, एवढेच हवे होते. होणार नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर फार अरुंद मर्यादेत राखते आणि पेशीच्या आतले तर त्याहून कडक पहाऱ्यात असते.

दुसरा अहवालही साफ आला. तो येईपर्यंत मी नानांना ईएफ हात करून दाखवत होतो. त्यांच्या उजव्या हाताला सलाइनची सुई होती, म्हणून त्यांनी डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून पाहिला आणि हे चालेल का, असे विचारले. चालत नाही. डावा हात म्हणजे त्या रचनेची आरशातली प्रतिमा, आणि आपली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी एकाच वळणाची असल्यामुळे त्यांच्या कांड्या उजवीकडेच पीळ घेतात. नानांनी हात खाली ठेवला आणि सुई कधी काढणार, हे परिचारिकेला विचारायला मला पाठवले.