हॅलिबर्टनचा आयोवा स्टेटमधील दुसरा हंगाम: गार्ड पारखण्याच्या सरावातील एक नोंद

महाविद्यालयीन गार्ड (चेंडू पुढे नेऊन आक्रमण रचणारा खेळाडू) व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कितपत टिकेल, हे जुन्या हंगामांवरून ताडून पाहण्याचा जो सराव मी करतो आहे, त्यात या खेपेस टायरीस हॅलिबर्टनचा आयोवा स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला २०१९-२० चा हंगाम घेतला. पुढे काय घडले हे ठाऊक असलेला खेळाडू मुद्दाम निवडला आहे. नोव्हेंबर २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, सॅक्रामेंटोने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतले आणि २०२३-२४ मध्ये तो इंडियानाकडून सामन्यामागे १०.९ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) देऊन एनबीएत अव्वल ठरला. या मोठेपणाच्या खुणा महाविद्यालयीन खेळात कोठे होत्या आणि कोणत्या आकड्यांनी त्या झाकल्या, एवढेच मला शोधायचे होते.

सर्वात जास्त दिशाभूल करणारा आकडा ‘युसेज’चा आहे, या मतावर मी आता ठाम आहे. संघाच्या किती पझेशनचा (चेंडू ताब्यात असतानाच्या चालींचा) शेवट एखाद्या खेळाडूच्या शॉटने, फ्री थ्रोने (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीने) किंवा टर्नओव्हरने (चेंडू गमावण्याने) होतो, ते प्रमाण म्हणजे युसेज. पाच जणांत समान वाटणी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के येतात. हॅलिबर्टनचा वाटा दुसऱ्या वर्षीही साधारण तेवढाच होता. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ट्रे यंगने २०१७-१८ मध्ये जवळजवळ दुप्पट भार उचलून सामन्यामागे गुण (२७.४) आणि असिस्ट (८.७) या दोन्हींत देशात पहिला क्रमांक मिळवला होता. अशा खेळाडूशेजारी १५.२ गुणांचा हॅलिबर्टन दुय्यम वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली, तो पास युसेजच्या हिशेबात धरलाच जात नाही. ज्याचा खेळच चेंडू योग्य वेळी सोडण्यावर उभा आहे, त्या गार्डला हे माप न्याय देऊ शकत नाही. ते त्याची संघातली भूमिका सांगते, कुवत नव्हे.

म्हणून सामने पाहताना मी दर पझेशनला एकच गोष्ट टिपली: चेंडू हातात आल्यापासून पुढचा निर्णय होईपर्यंत त्याने किती ड्रिबल घेतले आणि त्या वेळी बचावपटू कोणत्या पावलावर होता. हे काम संथ आहे, पण मला त्यातच सर्वाधिक आनंद मिळाला. पिक अँड रोलमध्ये (सहकारी बचावपटूची वाट अडवतो आणि मग रिंगकडे वळतो, त्या चालीत) दुसरा बचावपटू मदतीला सरकण्याच्या आधीच, त्याचा खांदा वळताना पाहूनच, हॅलिबर्टनने चेंडू विरुद्ध कोपऱ्यात पाठवलेला असतो. रिबाउंड (चुकलेल्या शॉटवरून परतलेला चेंडू) हाती येताच तो मान वर करतो आणि पहिल्याच ड्रिबलवर पुढे धावणाऱ्याला चेंडू देतो. पहिल्या वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, सदर्न विद्यापीठाविरुद्ध त्याने १७ असिस्ट दिले आणि चेंडू केवळ एकदा गमावला. प्रतिस्पर्धी दुबळा असला तरी विद्यापीठाचा विक्रम मोडणाऱ्या त्या खेळातली अचूकता दुबळेपणामुळे आलेली नव्हती.

त्या वर्षी संघात शेयॉक, विगिंटन, हॉर्टन-टकर असे गुण करणारे खेळाडू होते आणि हॅलिबर्टनकडे सांधणाऱ्याची भूमिका होती: सामन्यामागे ३.६ असिस्ट, अवघे ०.८ टर्नओव्हर. ते सारे गेल्यावर असिस्ट ६.५ झाले, तसे टर्नओव्हरही २.८ वर पोहोचले. असिस्ट-टर्नओव्हरचे गुणोत्तर घसरले म्हणून कौशल्य घसरले, असे येथे म्हणता येत नाही, कारण बचाव आता पूर्णपणे त्याच्याकडे तोंड करून उभा होता. शिवाय एनबीएतला बचावपटू कोणालाही न रोखता तीन सेकंदांहून अधिक काळ रिंगखाली उभा राहू शकत नाही. महाविद्यालयात तसा नियम नाही. त्या गर्दीतून काढलेल्या वाटेची किंमत व्यावसायिक मैदानावर वाढणारच होती.

नेमबाजीबद्दलची शंका मात्र मला रास्त वाटते. त्याचा शॉट छातीसमोरून ढकलल्यासारखा, खालून सुटतो. उभ्या जागेवरून तो उत्तम, पण ड्रिबलवरून उंच हाताच्या बचावपटूसमोर तो घेता येईल का, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. आकड्यांची बाजू अशी की २०१९-२० मध्ये थ्री-पॉइंट रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट १¾ इंचांवर गेली, त्याचे प्रयत्न सामन्यामागे ३.२ वरून ५.६ झाले, आणि तरीही टक्केवारी ४३.४ वरून फक्त ४१.९ वर आली. अंतर आणि संख्या दोन्ही वाढूनही टिकलेला नेम मी दिसण्यातल्या ओबडधोबडपणापेक्षा मोठा पुरावा मानतो. फ्री थ्रोची ८२.२ टक्केवारी मात्र जपून वापरावी, कारण २२ सामन्यांत ते पन्नासही नव्हते. इतके कमी फ्री थ्रो हीच त्याच्यातली खरी उणीव: सडपातळ शरीर, अंगावर जाऊन फाउल मिळवण्याची अनिच्छा. ती उणीव एनबीएतही त्याच्यासोबत राहिली, म्हणजे त्या वेळी तिच्यावर बोट ठेवणाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. तिचे वजन त्यांनी अवाजवी धरले.

बचावाबद्दल थोडक्यात: सामन्यामागे २.५ स्टील्स (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) पासची दिशा आधी ओळखण्यातून आले, समोरच्याला रोखण्यातून नव्हे. संघ १२ विजय आणि २० पराभवांवर थांबला, हेही त्याच्या खात्यावर टाकू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये डाव्या मनगटाचे हाड मोडल्याने त्याचा हंगाम आधीच संपला होता.

पुढे मी व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या गार्ड जेलन ब्रन्सनची तीन वर्षे घेणार आहे. दोन राष्ट्रीय विजेतेपदे आणि २०१८ चा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळूनही तो ड्राफ्टमध्ये ३३ व्या क्रमांकापर्यंत घसरला. तेथे ड्रिबल मोजण्याऐवजी रिंगजवळचे थांबणे, पाय रोवून फिरणे आणि उंच बचावपटूला हवेत उडवून मग शॉट घेणे हे टिपीन. ज्यांनी त्या काळातले व्हिलानोव्हाचे सामने बारकाईने पाहिले असतील, त्यांनी कोणत्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याचा कस लागला ते कळवावे. त्याच सामन्यांपासून सुरुवात करीन.