चुरमुरा वाजला पाहिजे : आमची वाटचाल

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाच्या कोपऱ्यावर आमची भेळेची गाडी उभी राहिली तेव्हा तिला नाव नव्हतं. गिऱ्हाईक "बत्तीवाल्याकडं" एवढंच म्हणायचं. आज गाळा आहे, बोर्ड आहे, चिंचेची चटणी बाटलीत भरून पुण्या-मुंबईला जाते. पण कोल्हापूरची जुनी माणसं भेटली की गाळ्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे गाडीबद्दलच विचारतात. म्हणून गाडीपासूनच लिहितो.

गाडी सागवानी फळ्यांची, चाकं सायकलची. वर पाच डबे, तेही तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे, झाकण कापून कडा ठोकून मुडपलेले. कडा नीट मुडपली नाही तर घाईत मनगट कापतं. दोन डब्यांत चुरमुरे, एकात फरसाण, एकात बारीक शेव आणि एकात भाजके शेंगदाणे व डाळं. मधोमध खोल पातेलं आणि पितळी डाव. चटण्या कल्हई केलेल्या दोन गंजांत, म्हणजे उभ्या पितळी पातेल्यांत. चिंच नुसत्या पितळेला लागली की हिरवट कळकतं आणि ते पोटात गेलं तर त्रास ठरलेला, म्हणून चटणीच्या भांड्यांना दर दोन महिन्यांनी कल्हई. ॲल्युमिनियम तर चिंचेपुढे टिकतच नाही, वर्षभरात तळाला बारीक खड्डे पडतात.

उजेडाला गॅसबत्ती होती. तिचं तंत्र आता कुणाला शिकवावं लागत नाही, तरी सांगतो. आधी स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप मारायचा. नळी थंड असताना पंप मारला तर रॉकेल वाफ न होता थेंबाथेंबानं उतरतं आणि भडका होतो. मॅन्टल, म्हणजे बत्तीतली जाळीची पिशवी, एकदा जळून पांढरं झालं की ती नुसती राख असते, गटाराच्या झाकणावरून गाडी आदळली तरी गळून पडते. त्यामुळे गाडी जागेवर लागल्यावरच बत्ती पेटवायची. रॉकेलचा डबा गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, खालच्या फळीवर. चुरमुरा ओल जशी ओढतो तसा वासही ओढतो. शेजारी तासभर रॉकेल राहिलं तर अख्खा डबा फुकट.

भेळेचा सगळा जीव चुरमुऱ्यात, आणि आमच्या धंद्याचा पहिला भागीदार म्हणजे चुरमुऱ्याचे भट्टीवाले काका. कागदोपत्री भागीदारी कधीच नव्हती. पहिलं वर्षभर माल उधारीवर दिला, पण मालाबद्दल एक शब्द कमी बोलून घेतला नाही. त्यांच्या भट्टीवर दोन कढया. साळ भिजवून, उकडून, वाळवून, सडून काढलेले तांदूळ मिठाच्या पाण्यानं ओलवायचे आणि पहिल्या कढईत मंद आचेवर कोरडे करायचे. दुसऱ्या कढईत नदीची बारीक चाळलेली वाळू, चांगली तापलेली. तिच्यात तांदळाची मूठ टाकली की दोन-चार श्वासांत फुलतात, लगेच चाळणीवर. वाळू कमी तापली तर अर्धे गणंग राहतात आणि दाताखाली दगडासारखे लागतात, जास्त तापली तर चुरमुरा तांबूस आणि कडू. मिठाचं पाणी कमी पडलं तर फुलतो पण पोकळ होत नाही. मग चटणी लागताच त्याचा चोथा होतो.

पोतं भलंमोठं दिसतं, वजन मात्र नऊ-दहा किलो. घेताना मूठभर चुरमुरे कानाशी धरून दाबायचे. चुर्रर्र असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज बसका आला तर पोतं परत. काका रागवायचे नाहीत, उलट न वाजवता पोतं उचलणाऱ्यालाच रागवायचे.

पावसाळ्यात मऊ पडलेला चुरमुरा लोखंडी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतला की पुन्हा वाजतो. चूक होते ती पुढे. गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं जातं, आतली वाफ आतच राहते आणि अर्ध्या तासात तो पहिल्यापेक्षा मऊ होतो. कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग भरा. आणि भडंगाचा चुरमुरा भेळेला वापरू नका. तो जाड, टपोरा, तेल-तिखट पेलणारा. भेळेला पातळ अंगाचाच हवा.

कुस्तीचं मैदान असेल त्या दिवशी गर्दी दुपारपासून, पण ती सावकाश खाणारी. खरी परीक्षा शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहातल्या मध्यंतराची. दहा-पंधरा मिनिटांत सत्तर-ऐंशी पुडे जायचे. ते जमतं एकाच रीतीनं. पुड्याला ६० ग्रॅम चुरमुरे, ३० ग्रॅम फरसाण, वर शेंगदाणे-डाळं, असा कोरडा माल आधीच मोजून ठेवायचा. कांदा मात्र मध्यंतराच्या आधी अर्धा तास, त्याहून आधी चिरायचा नाही. चिरलेला कांदा पाणी सोडतो, मीठ लागलं तर दुप्पट सोडतो. टोमॅटोचा गर आणि बिया काढून फक्त साल-मांस घ्यायचं. पातेल्यात आधी कोरडं, मग कांदा-टोमॅटो, मग हिरवी चटणी, शेवटी चिंचेची. डाव खालून वर दहा-बारा वेळा, त्याहून जास्त नाही. शेव आणि कोथिंबीर वरून, कालवायची नाही. सोबत तळून मीठ लावलेली मिरची. खायला चमच्याऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा. हातात पडल्यापासून पाच मिनिटांत संपली तर ती भेळ, नंतर तो लगदा.

चटणीचं माप आम्ही कधी लपवलं नाही, आताही लपवत नाही. बिया-शिरा काढलेली जुनी काळी चिंच १ किलो, आपल्याकडचा गूळ २ किलो, बिनबियांचा खजूर अर्धा किलो. चिंच ३ लिटर कढत पाण्यात तीन तास भिजवून कोळायची, खजूर वाटून घालायचा, चाळणीतून गाळून गुळासह उकळायची. जिरं भाजून पूड ४० ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, लाल तिखट ५० ग्रॅम, पादेलोण चवीला. डावाच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती मिटली नाही की उतरवायची. साडेचार लिटरच्या आसपास भरते, दीडशे पुडे निघतात. गार झाल्यावर पातळ करायला कच्चं पाणी घातलं किंवा ओला डाव बुडवला की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी कडेला बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले की ओतून टाका. पुन्हा उकळून विकू नका.

नंतर बरीच वर्षं गाडी चालली, गाळा झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते समोर लागलेल्या दुसऱ्या गाडीचं. नाव घेत नाही. दर आमच्यापेक्षा तीन रुपयांनी कमी, आणि ते परवडायचं कसं हे धंद्यातल्या माणसाला एका बोटावर कळत होतं. चिंचेच्या जागी सायट्रिक ॲसिड, गुळाच्या जागी साखर, दाटपणाला कॉर्नफ्लोअर आणि वरून रंग. असली चटणी ओळखायची खूण सोपी आहे. तिला काचेसारखी चकाकी असते, तळहातावर चोळली तर चिंचेचा बारीक रवाळपणा लागत नाही, आणि आंबटामुळे पिठाचा दाटपणा मोडून ती दुसऱ्या दिवशी पाणी सोडते. दात आंबतात ते वेगळंच. तरीही दोन वर्षं रांग तिकडं होती. सर्वांत लागलं ते हे की पुढे लोक त्याच चवीला "जुनी खासबागेची चव" म्हणू लागले. ती जुनी चव नव्हती. जुन्या चवीत आंबट आधी लागतं, गोड मागून येतं आणि सुंठ घशात राहते. तिकडं तिन्ही एकदम जिभेवर आदळायचं. गाडी पुढे उठली, पण बिघडलेली जीभ परत आणायला आम्हाला त्याहून जास्त वर्षं लागली.

त्यातून सावरतोय तोवर ऑगस्ट २०१९ उजाडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गोडाऊन दुधाळीच्या बाजूला. आत २२ पोती चुरमुरे, वर्षाची चिंच भरलेल्या तीन बरण्या, गुळाच्या ढेपा, शेव आणि जपून ठेवलेली जुनी गाडी.

पाणी कमरेपर्यंत आलं. वरच्या थराच्या पोत्यांना पाणी शिवलंही नव्हतं, म्हणून ती वाचली असं वाटलं. वाचली नव्हती. बंद खोलीतली चार दिवसांची दमट हवा त्यांनी पिऊन घेतली होती. कढईत परतून पाहिली, कुरकुरीत झाली, पण गाळाचा वास गेला नाही. तो जातही नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका. बरण्यांवर फडकं बांधून झाकणं होती, तरी पाणी आत शिरलं. पुराच्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, तेव्हा वरची चिंच काढून खालची वापरू हा विचारसुद्धा करायचा नसतो. तिन्ही बरण्या रिकाम्या केल्या. ढेपांचं तर पाणीच झालं होतं. गाडीच्या फळ्या फुगून सांधे उघडले, चाकांच्या बेअरिंगमध्ये गाळ बसला. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन ग्रीस भरलं, फळ्या सावलीत महिनाभर वाळवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर तडकल्या असत्या. भांडी तेवढी राहिली, ती पुन्हा कल्हई करून वापरात घेतली.

शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, त्यामुळे बेसन, तेल, कांदा काहीच येईना. सुरू करायला हातात भांडवल नव्हतं. तेव्हा भट्टीवाल्या काकांच्या पुढच्या पिढीनं दहा पोती दारात आणून ठेवली आणि पैशाचा विषय काढला नाही. पहिल्या वर्षी मिळाली तशीच उधारी, तीच वही. पोती उतरवताना एकेक मूठ कानाशी धरूनच घेतली, आणि त्यांनाही ते आवडलं.

तेव्हापासून गोडाऊनमध्ये सहा फुटांखाली काही ठेवत नाही. चिंच नव्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये घेतो, बिया काढून किलोला १०० ग्रॅम मीठ लावून दाबतो आणि अर्धी एका जागी, अर्धी दुसऱ्या जागी ठेवतो.

नव्यानं गाडी लावणाऱ्या पोरांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र आहे. सर्वेक्षणाला माणसं दिवसा येतात आणि भेळेची गाडी लागते संध्याकाळी, त्यामुळे त्या वेळी गाडी जागेवर नसली तर नाव सुटतं. आमचं सुटलं होतं आणि ते लावून घ्यायला चपला झिजल्या. म्हणून तारीख कळली की सकाळपासून गाडी उभी करा. दुसरं, वर्तमानपत्राचा पुडा आम्हीही वर्षानुवर्षं वापरला, त्याची आठवण सगळेच काढतात, पण ओल्या चटणीत शाई उतरते. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी तो बंद केला ते योग्यच झालं. पळसाचा द्रोण वापरा, दोन पानी टाक्याचा. एकपानी द्रोण बुडाला गळतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गाळा उघडला नाही. त्यानंतर मध्यंतराची ती घाई राहिली नाही. कोरडा माल मोजून ठेवलेले पुडे मात्र संध्याकाळी सात वाजता अजून भरले जातात, पूर्वी ऐंशी भरायचो, आता वीस. जुने नाटकवाले येतात, मूठभर चुरमुरे उचलून आधी कानाशी नेतात, आणि मग भेळ सांगतात.