दोर, मी आणि आजची संध्याकाळ
ऑफिसातून आले ती डोकं भणभणतच. फोन दुसऱ्या खोलीत टाकला आणि जूटचा दोर काढला. सहा मिलिमीटर जाड, आठेक मीटर लांब. शिबारीत, म्हणजे दोराने अंग बांधण्याच्या जपानी कलेत, तो मधोमध दुमडून दुहेरी वापरतात. पाय गुडघ्यात दुमडला आणि मांडी-पोटरी मिळून एकेक वेढा शेजारी शेजारी लावत गेले, पीळ न पडू देता. घाई केली की दोर लगेच चुगली करतो, कातडीत रुततो. वेढ्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. मुंग्या आल्या की सोडायचं, तिथे हट्ट नाही. कात्री हाताशी असतेच. गळ्याला दोर कधीच नाही, एकटीने लटकणं तर मुळीच नाही. सोडल्यावर मांडीवर दोराची नक्षी उमटली होती आणि श्वास पोटापर्यंत पोचत होता. लोक याकडे चावटपणा म्हणूनच बघतात; बघोत बापडे!